सात कंद, सात चिपा

मी सात कंदीलपुष्पं खाल्ली आहेत. फुलं नव्हे, कंद. पण कंद खाल्ला म्हणजे झाडच संपलं, तेव्हा शब्दांत सूट घेत नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कॉलेजातल्या सहकाऱ्यांना नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच.

मी इस्लामपुरात वनस्पतिशास्त्र शिकवतो. सत्तावीस वर्षं झाली. दरवर्षी पहिल्या तासाला पोरांना बजावतो, की दुर्मीळ झाड कधी मुळासकट उपटायचं नाही. फोटो काढा, फारच वाटलं तर एक पान घ्या, पण जमिनीखाली जे आहे त्याला हात लावू नका. गेली सहा वर्षं हे वाक्य म्हणताना मी फळ्याकडे तोंड करतो. पोरांना वाटतं, सर आता काहीतरी लिहिणार. ती वह्या उघडून बसतात. मग मला उगीच काहीतरी लिहावं लागतं.

कंदीलपुष्प म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आमच्या भागात फुलांकडे बघायची रीतच जरा वेगळी आहे. वाळवा तालुक्यात फूल म्हणजे उसाचा तुरा. थंडीत रानंच्या रानं पांढऱ्या तुऱ्यांनी डोलायला लागतात, हायवेनं जाणारे लोक गाडी बाजूला घेऊन फोटो काढतात, आणि बांधावर उभा असलेला उसाचा मालक तोंड वाकडं करून म्हणतो, "आला तुरा. आता वजन गेलं." हळदीलाही फार सुरेख फूल येतं, पानांच्या आडोशाला, मेणासारखं फिकट. मी एकदा एका हळदवाल्याच्या रानात ते बघत उभा राहिलो, तर तो म्हणाला, "सर, वर काय बगताय? सोनं खाली हाय." वर्गात फुलांची सूत्रं शिकवणारा मी अशा मुलखात राहतो, जिथं फुलापेक्षा कांडीला आणि गड्ड्याला मान.

कंदीलपुष्पाचं सगळं वैभव मात्र वर. खाली फुगीर, मध्ये नळी, वर पाच पाकळ्या आणि त्या टोकाशी जुळलेल्या, म्हणजे जुन्या कंदिलाची काचच. आमच्या सातारा-सांगलीच्या डोंगरांवर त्याच्या बऱ्याच जाती सापडतात. काही वेलीसारख्या झुडपावर चढतात, काही गवतातच उभ्या राहतात. काही तर अशा, की एकाच डोंगररांगेचा हट्ट धरून बसल्यात, जगात दुसरीकडं कुठं जायलाच तयार नाहीत. फुलाचा कारभारही बघण्यासारखा. वासाला भुलून चिलटाएवढी माशी नळीत शिरते. नळीत केस असतात, टोकं खाली केलेले. आत जाता येतं, परत फिरता येत नाही. एक-दोन दिवस माशी खालच्या फुग्यात फिरत राहते, अंगाला पराग चिकटतात. मग केस सुकतात, वाट मोकळी होते, माशी बाहेर पडते आणि काहीही न शिकता दुसऱ्या कंदिलात शिरते. पोरं इथं हमखास हसतात.

आणि या सगळ्या करामतीच्या खाली, वीतभरसुद्धा नाही, एक कंद असतो. गोल, जरा चपटा, सुपारीपासून लिंबापर्यंत कुठल्याही मापाचा. सोलला की पांढरा, चवीला काकडी आणि ओला शेंगदाणा यांच्या मधला. ही चव मला पुस्तकातून कळलेली नाही. मी मूळचा कडेगावच्या बाजूचा. आता तिकडंही ऊस आहे, पण मी लहान होतो तेव्हा कालव्याचं पाणी आलेलं नव्हतं. माळ होता, माळावर पिवळा तरवड होता आणि तरवडाला तोंड न लावणारी शेरडं होती. पाऊस पडून पंधरा दिवस झाले, की माळावर हमणं काढायला जायचं. कंदीलपुष्पाच्या कंदाला आम्ही हमण म्हणायचो. फुलाला काहीच म्हणत नव्हतो, कारण फूल येईपर्यंत ते झाड आम्ही शिल्लकच ठेवत नव्हतो असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. शिल्लक राहायचं, आईमुळं.

आईचा नियम होता: शेंडी रानाची, पोट आपलं. कंद काढला की वरची शेंडी, म्हणजे कोंब असलेला नखाएवढा तुकडा, कापून परत त्याच खड्ड्यात ठेवायचा, माती सारायची आणि वर एक चपटी चीप ठेवायची. दगडाची कपची.

"चीप कशाला?" मी एकदा विचारलं होतं.

"साळिंदराला वास येतोय. ते समदंच खातंय."

"मग ते का नाही शेंडी ठेवत?"

"त्याला काय आई हाय व्हय शिकवायला?"

ही चीप ध्यानात ठेवा. पुढं ती माझ्या अंगावर येणार आहे.

*

दहा वर्षांपूर्वी कॉलेजच्या कामासाठी पाटणच्या वरच्या अंगाला एका सड्यावर फिरत होतो. गावाचं नाव लिहीत नाही. माझ्यासाठी नव्हे, फुलासाठी; दुर्मीळ झाडांचे शौकीन फार लांबून येतात आणि पिशवी घेऊन येतात. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट, जांभ्या दगडाचं रान. उन्हाळ्यात तिथं चहाची बशी ठेवली तर तडकेल. पावसाळ्यात मात्र बोटभर मातीवर एवढी फुलं येतात, की पाय कुठं ठेवावा कळत नाही. पांढरे गेंद, निळी सीतेची आसवं, गुलाबी तेरडा. ओल्या दगडाच्या खळग्यात किडे खाणारी झाडंसुद्धा, टाचणीएवढी. मी सगळं तुडवत खाली मान घालून चाललो होतो, आणि शेळ्यांमागून घोंगडीची खोळ पांघरलेले एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे बघत होते.

"काय हुडकताय?"

"फूल."

"फुलावर तर हुबं हायसा की वो."

"हे नव्हे. कंदिलासारखं असतं. छोटं."

"म्हंजी हमणाचं. मग असं म्हना की! त्येचं फूल आठ दिस दिसतंय. पान दोन-तीन म्हैनं दिसतंय. फूल हुडकत बसू नगा, पान वळखा."

त्यांनी मला सड्याच्या पश्चिम कडेला नेलं आणि काठीनं गवत बाजूला केलं. जे मी नुसतं गवत समजलो असतो, त्यात बोटभर उंचीची, गवतासारख्याच पानांची कंदीलपुष्पं उभी होती. एकाला कळी होती. ही जात मी फक्त वाळवून कागदाला चिकटवलेली पाहिली होती. मोजली, अकरा भरली. मग आम्ही एका दगडावर बसलो. त्यांनी चंची काढली, मी डबा काढला. मी त्यांना आईची गोष्ट सांगितली, चिपेची, साळिंदराची. ते खोकला लागेपर्यंत हसले.

त्यांना गावात सगळे आबा म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. धनगरवाड्यावर राहायचे, चाळीसएक शेळ्या. माझ्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मला झाडांबद्दल ज्यांनी खरोखर नवीन काही शिकवलं अशी माणसं दोन. एक आई, दुसरे आबा. भारंगीच्या फुलांची भाजी कशी दोनदा पिळून कडू काढायची, कारवी फुलली त्या वर्षीचा मध वेगळा का लागतो, कुठल्या फुलावर शेळी तोंड टाकत नाही आणि का, हे सगळं त्यांनी सांगायचं आणि मी वहीत उतरवायचं.

"अकराच?" त्यांनी निघताना विचारलं होतं. "जगात?"

"जगात असतील अजून थोडी. इथं अकराच."

"मग आता वाड्यावरच्या कुणाला हात लावू देत न्हाई."

आणि नाही लावू दिला. दरवर्षी आषाढ संपत आला, की मला त्यांचा फोन यायचा. सड्यावर एका ठराविक दगडावर उभं राहिलं तरच रेंज मिळते, त्यामुळे बोलणं थोडक्यात.

"सर, अकरा."

आणि फोन बंद. चार वर्षं हा फोन आला. मला पुढं बढती मिळाली, कागदपत्रांत या कामाचं वजन होतं. पण त्या दोन शब्दांनी जो आनंद व्हायचा तो कशानं झाला नाही.

*

आता तो दिवस. आषाढातली एकादशी. उपवास माझ्या बायकोचा, मी तिच्या धाकानं धरतो.

"एकादशी आहे. आज डोंगरात जाऊ नका."

"ऋषी कंदमुळं खाऊन डोंगरातच राहायचे."

"तुम्ही ऋषी नाही. तुम्हाला ॲसिडिटी आहे."

तिनं राजगिऱ्याचे लाडू दिले. ते गाडीच्या डिकीत राहिले, हे मला सडा चढून आल्यावर आठवलं. धुकं असं, की पसरलेला हात दिसेल पण बोटं मोजता येणार नाहीत. कोंब आलेत का बघायचं आणि परत फिरायचं, एवढंच काम. अकरा झाडांशेजारी मी अकरा खिळे ठोकले होते, प्रत्येकाला पत्र्याची चकती आणि चकतीवर आकडा. फक्त एक हुशारी केली होती. चोराला सापडू नयेत म्हणून खिळे चकतीसकट मातीत बुडवले होते. चोराला ते सापडले नसते. मलाही सापडले नाहीत.

तासभर शोधलं. मग भूक लागली, आणि मी कुठंतरी, जागा चुकून तीस-चाळीस पावलं लांब आलोय अशा समजुतीनं, एका दगडाला टेकून बसलो. समोर गवतात ओळखीची पानं. हमण. माझ्या डोक्यानं सांगितलं, की ही साधी जात असणार, डोंगरात कुठंही मिळते ती. खरं सांगायचं तर डोक्यानं नीट काही सांगितलंच नाही. हातानं परस्पर झोळीतलं खुरपं काढलं.

पहिला कंद सोलून तोंडात टाकला आणि माझं वय पन्नाशीवरून नवावर आलं. तीच काकडी, तोच ओला शेंगदाणा. दुसरा काढला. उपवासाला कंद चालतो, मी स्वतःशीच म्हणालो आणि हसलोसुद्धा. एकट्यानं, धुक्यात, मोठ्यानं. तिसरा, चौथा. फार दिवसांनी मी इतका खूश होतो, हेही कबूल केलं पाहिजे. शेंड्या मात्र आपोआप कापत होतो, खड्ड्यात ठेवत होतो, माती सारत होतो, वर चीप. सात झाले. आठव्याला खुरपं लावलं तर खण्णकन वाजलं. चिखलातून पत्र्याची चकती वर आली. माझ्याच अक्षरात आठ.

तोंडात सातव्याची चव होती.

घरी बायकोनं वरईचा भात वाढला. खाववेना. "बघा, म्हटलं नव्हतं ॲसिडिटी होईल?" ती म्हणाली. मी म्हटलं, हो, ॲसिडिटीच. त्या दिवसापासून खोटं बोलायला सुरुवात झाली, आणि ती इतकी सोपी होती.

त्या वर्षी आबांचा फोन आला नाही. मी स्वतःची समजूत घातली, की पाऊस फार आहे, ते वर गेले नसतील.

*

गणपतीच्या आधी मोठा कार्यक्रम ठरलेला होता. गावच्या वन समितीनं आणि आमच्या कॉलेजनं मिळून फूल बघायला सड्यावर जायचं, आणि खाली येऊन शाळेच्या पटांगणात आबांना शाल-श्रीफळ द्यायचं, फुलाचे राखणदार म्हणून. शाल मीच साताऱ्यातून आणली होती, चांगली मऊ. मी दोनदा तारीख पुढं ढकलली. एकदा परीक्षा सांगितली, एकदा कंबर. तिसऱ्यांदा सांगायला अवयव उरला नाही.

समितीचे अध्यक्ष एक निवृत्त सुभेदार. फौजेतून आले तरी फौज त्यांच्यातून गेलेली नव्हती. सड्यावर चढताना ते पुढं, मागं वीस विद्यार्थी, मग मी, आणि सगळ्यात मागं आबा, धुतलेला फेटा बांधून. पश्चिम कडेला पोचलो. चार झाडं, चार फुलं. बाकी ठिकाणी नुसत्या चिपा.

"सर, अकरा म्हनत हुता," सुभेदार म्हणाले.

"रानडुक्कर आलेलं दिसतंय," मी म्हणालो. हे उत्तर मी आठवडाभर घोकलेलं होतं.

सुभेदारांनी खाली बसून एक चीप उचलली, माती बोटानं चाचपली. "सर, डुक्कर उकरतंय. उकरून बुजवत न्हाई. फौजेत असतो तरी म्या त्येला हे शिकवू शकलो नसतो." पोरं हसली. ते हसले नाहीत. "तुमी जानकार. तुमी सांगा. डुकरानं का खुरप्यानं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माझं खुरपं माझ्या झोळीत होतं, पात्याला तोच चिखल वाळलेला. अजूनही वेळ होती. एक वाक्य लागलं असतं. गंमतीनं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पोरांनी वर्षभर टिंगल केली असती, सुभेदारांनी दोन शब्द ऐकवले असते, आणि आज हे लिहायला मी बसलो नसतो.

"खुरप्यानं," मी म्हणालो.

खोटं नव्हतं. पण मी ते म्हणालो आणि वीस पोरांच्या, सुभेदारांच्या नजरा मागं वळल्या, आबांच्या कमरेकडं. तिथं त्यांचं खुरपं खोचलेलं होतं, नेहमीसारखं.

आबांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. वर्गात एखाद्या पोराला प्रश्न विचारल्यावर उत्तर येईल म्हणून आपण थोडा वेळ थांबतो ना, तसं. मग फेटा सारखा करून म्हणाले, "शेळ्या खाली न्यायला पायजेत," आणि निघून गेले.

"कुंपनानंच खाल्लं म्हना की," मागून कुणीतरी म्हणालं.

"एरिया बंद," सुभेदार म्हणाले. "पश्चिमेकडं आजपास्नं त्येंच्या शेळ्या न्हाईत. ऑर्डर म्हंजी ऑर्डर."

शाळेत तो कार्यक्रम झालाच नाही. शाल मी परत घरी आणली आणि कपाटात कपड्यांच्या तळाशी ठेवली.

*

त्या ऑर्डरीचा अर्थ सांगतो. आबांच्या वाड्यावरून चाऱ्याच्या रानाला जायची जवळची वाट पश्चिम कडेनंच. ती बंद झाली. तेव्हापासून ते शेळ्या घेऊन खालच्या घळीतून वळसा घालतात, जाऊन-येऊन अर्धा दिवस त्यातच. त्यांचं वय आता पंचाहत्तरीच्या पुढं. पण ते सोडा. गावात कुणाच्या बांधावरचं काही गेलं, तरी पोरं म्हणायची, आबास्नी इचारा. राखणदार म्हणून ज्यांना शाल मिळायची होती, त्यांना ही पदवी मिळाली.

फुलाचंही भलं झालं नाही. हे माझ्या लक्षात तिसऱ्या पावसाळ्यात आलं. शेळ्या बंद झाल्या तसं गवत गुडघ्याला लागलं. बोटभर उंचीच्या फुलाला त्यात ना ऊन, ना वारा, ना माशीला वाट. शेळी कंदीलपुष्पही खाते, पण त्याच्या डोक्यावरचं गवत दसपट खाते. सडा तिनंच भादरून ठेवला होता. मला हे दिसलं आणि मी खूश झालो, कारण त्यात माझी सुटका होती. कबुली न देता आबांची वाट मोकळी करायची, शास्त्राच्या जोरावर! दोन पानी अहवाल लिहून समितीला दिला. चराई हवी, मर्यादित हवी, पूर्वी होती तशीच हवी.

सुभेदारांनी चष्मा लावून पूर्ण वाचला. "सर, तुमचं मन मोठं हाय," ते म्हणाले. "पन ज्येनं खाल्लं त्येच्याच हाती राखन द्यायची? तुमी त्येला माफ केलं आसंल. कमिटी करू शकत न्हाई."

मन मोठं! मी चहासुद्धा न पिता उठलो. त्यांचं चुकत नव्हतं. त्यांना जे सांगितलं होतं त्यावरून ते बरोबर निर्णय घेत होते. सांगणारा मी होतो.

*

गेल्या आषाढात, सहा वर्षांत पहिल्यांदा, फोन आला.

"सर, नऊ."

आणि बंद.

मी दुसऱ्याच दिवशी गेलो. आबा त्याच दगडावर बसले होते, शेळ्या खाली घळीत कुणा नातेवाइकाकडे सोडून. ऑर्डर माणसाला नव्हती, शेळ्यांना होती. त्यांनी कडेच्या पट्ट्यातलं गवत हातानं उपटून काढलं होतं. हा उद्योग त्यांनी आजवर किती वर्षं केलाय, हे मी विचारलं नाही. नऊ झाडं. चार जुनी, पाच नवी. त्या पाचांना फूल यायला अजून एखादं वर्ष लागेल, पण पान अस्सल.

"नऊ कशी झाली?"

"उगवलं. शेंडी ठिवलीवती न्हवं."

"कुणी?" मी विचारलं, आणि माझा आवाज कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा निघाला.

आबांनी चंची उघडली. चुना काढला, तंबाखू मळली, सगळं सावकाश. "आवं सर, हितं कोन चीप ठिवतंय? आमी शेंडी पुरतो आन वर टाच मारतो. चीप तुमच्या आईची. तुमीच सांगितलंवतं, पैल्या वर्सी. ह्याच दगडावर बसून. साळिंदराला आई न्हाई म्हनून." ते परत हसायला लागले. "लय हसलोवतो तवा."

"म्हणजे तुम्हाला त्या कार्यक्रमाच्या दिवशीच..."

"त्या दिशी कशाला? लय आदीच. मोजायला गेलो तवाच."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुमी हुबं हुता की तिथं. तुमच्या तोंडचं म्या कशाला बोलू?" त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. "म्या म्हनलं, सर आज बोलत्याल. मग म्हनलं, गनपती झाल्यावर बोलत्याल. मग म्हनलं, उगवल्यावर तरी बोलत्याल. म्हनून फोन केला."

"आबा, चुकलं."

"आता मला सांगून काय करता? मला ठावं हाय. ज्येंना ठावं न्हाई त्येंना सांगा." आणि उठता उठता, गुडघ्यावर हात टेकून, "शेळ्यांस्नी बी सांगा वाटलं तर. सा वर्सं खालनं चालल्यात बिचाऱ्या, का ते त्येंना कळंना झालंय."

मी तिथून थेट खाली गेलो. सुभेदार फाट्यावरच्या हॉटेलात बसलेले होते. आयती संधी. मी समोर बसलो, चहा मागवला. त्यांनी विचारलं, "काय सर, आज इकडं?" मी म्हणालो, सहज. मग आम्ही उसावर बोललो, औंदा तुरा लवकर येईल की काय यावर बोललो, त्यांच्या नातवाच्या भरतीवर बोललो. दोन चहा झाले. मग मी गाडीला किक मारली आणि इस्लामपूरला आलो.

माशी दोन दिवसांत फुलातून सुटते. तिला निदान केस सुकायची वाट बघावी लागते. माझी वाट मोकळीच होती, मीच आत फिरत होतो.

कपाट आवरताना बायकोला ती शाल परवा सापडली. "कुणाची ही? नवीकोरी आहे. मामांच्या पंच्याहत्तरीला देऊ या?"

"नको. ती दिलेली आहे."

"मग इथं कशी?"

मी शाल तिच्या हातातून घेतली आणि परत कपड्यांच्या तळाशी ठेवली. त्याच दुपारी हे लिहायला घेतलं. ती हे वाचेल, तेव्हा वरईच्या भाताचंही तिला कळेल.

पण लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही, हे मला कळतं. त्या गावात हे कुणी वाचणार नाही. सुभेदार फक्त पेपर वाचतात, आबांना अक्षर येत नाही. लिहायला जमलं ते कदाचित त्यामुळेच.

तेव्हा माझं देणं काय आहे ते स्पष्ट लिहून ठेवतो. त्या गावच्या ग्रामसभेत, सुभेदारांसमोर आणि आबांच्या देखत, उभं राहून मी म्हणायचं आहे, की ते सात कंद मी खाल्ले. मग पश्चिमेची वाट आबांच्या शेळ्यांना परत मिळवून द्यायची आहे, आणि शाल त्यांच्या खांद्यावर घालायची आहे. यातलं अजून काहीही मी केलेलं नाही.